बेड नंबर चारचे साहेब

सोमवार, ४ ऑक्टोबर २००४

मला कसलाही ताण नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे पुढं गैरसमज नको.

तरीही ही डायरी लिहायची आहे, कारण तसा हुकूम आहे. आज मॉर्निंग ड्यूटी संपल्यावर आम्हा आयसीयूच्या सगळ्या नर्सना कँटीनच्या वरच्या हॉलमध्ये नेऊन बसवलं. फळ्यावर रंगीत खडूनं 'तणावमुक्त परिचर्या' लिहिलेलं. पुण्याहून मंजुषा मॅडम म्हणून कुणी आल्या होत्या. बाई गोड. म्हणाल्या, डोळे मिटा, तुम्ही नदीकाठी बसला आहात, पाणी संथ वाहतंय. आम्ही डोळे मिटले. मग म्हणाल्या, आता हळूच उघडा. कुणीच उघडेना. आमची शुभांगी तर चक्क घोरत होती. मॅडमना वाटलं, प्रयोग भलताच यशस्वी झाला. त्यांनी आमचा फोटो काढून घेतला.

शेवटी प्रत्येकीला एक डायरी मिळाली. औषध कंपनीनं जानेवारीत वाटलेल्या आणि कपाटात उरलेल्या. पानापानावर पित्ताच्या गोळीची जाहिरात. रोज मनातलं लिहा, ताण आपोआप जातो, असं मॅडम म्हणाल्या. आधीची नऊ महिन्यांची पानं आता कोरीच राहणार. म्हणजे सप्टेंबरपर्यंत मी कागदोपत्री सुखात होते.

घरी येताना सिडकोच्या बसमध्ये डोळा लागला. आमचा स्टॉप कधी गेला कळलंच नाही. शेवटच्या स्टॉपवर कंडक्टरनं हाक मारली तर मी दचकून विचारलं, "पेशंट कसा आहे?"

तो म्हणाला, "बरा आहे ताई. उतरा."

बुधवार, ६ ऑक्टोबर

ज्याचा त्रास होतो ते लिहा असं सांगितलंय. त्रास असा नाही, पण रंगनाथ सरांबद्दल लिहिते.

हे आमच्या हॉस्पिटलचे नवे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. आधी एका मोठ्या हॉटेलात मॅनेजर होते. माणूस स्वच्छ, टापटीप, अंगाला सेंटचा वास. पेशंटला 'गेस्ट' म्हणतात. शुभांगी त्यांची हुबेहूब नक्कल करते. नांदगावची आहे, वयानं लहान, जिभेला हाड नाही. काल व्हेंटिलेटरवरच्या आजोबांकडं बोट करून म्हणाली, "सर, सहा नंबरच्या गेस्टनी नाश्ता नळीतून घेतला. चटणी तिखट नव्हती म्हणाले."

सरांनी आल्या आल्या आमच्या नर्सिंग स्टेशनवरच्या खुर्च्या उचलून खाली रिसेप्शनला नेल्या. बसलेली सिस्टर नातेवाइकांच्या डोळ्याला बरी दिसत नाही म्हणे. आयसीयूच्या दाराबाहेर आरसा लावला आणि वर पाटी: 'आत जाण्यापूर्वी हसा.' छताला स्पीकर बसवून बासरीची कॅसेट लावून दिली. कॅसेट एकच आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना तेच आहे.

आमच्याकडे आठ बेड. पूर्वी एका ड्यूटीला पाच जणी असायच्या. एक दुबईला गेली, एक सरकारी नोकरीत. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. आता तिघी, आणि एखादी आजारी पडली की उरलेल्यांना डबल ड्यूटी. इनचार्ज चंद्रभागा सिस्टरनी सरांना दोनदा सांगितलं. सर म्हणाले, "सीझन संपू द्या."

सुरगाण्याकडच्या आहेत चंद्रभागा सिस्टर. बोलतात कमी, बघतात जास्त. आरशासमोर उभ्या राहून हसल्याचं मी त्यांना अजून पाहिलेलं नाही.

रविवार, १० ऑक्टोबर

सुट्टी. नामपूरहून आईचा फोन. "बरी शे ना बेटा?" म्हणाली. मी म्हटलं, एकदम मजेत. मग तिनं कांद्याचा भाव सांगितला आणि मला वाटलं ती कुणाचं ब्लडप्रेशर सांगतेय. मी म्हटलं, फारच खाली आलंय, डॉक्टरांना कळवलं का?

लेक साई दुपारी बाहुल्या खेळत होती. दुसरीत आहे. सगळ्या बाहुल्या ओळीनं आडव्या केलेल्या, आणि बापाला, दीपकला, सांगत होती, "नातेवाइकांनी बाहेर थांबा. एका वेळी एकच." हे कुठून शिकते कोण जाणे.

दीपक हल्ली हातात घड्याळ घालत नाही. त्याच्या सातपूरच्या कंपनीनं बक्षीस दिलेलं, तासातासाला टिंगटिंग वाजणारं छान घड्याळ. परवापर्यंत घालायचा. परवा वाजलं तेव्हा मी स्वयंपाकघरातून धावत येऊन त्याची नाडी बघितली होती, पण त्याचा काय संबंध? विचारलं तर म्हणाला, "घाम येतो गं मनगटाला."

ऑक्टोबर आहे, येत असेल घाम.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

तीन नंबरला नवीन पेशंट. नवसाबाई. मखमलाबादकडं त्यांची फुलशेती आहे. शेतात झेंडू बघता बघताच छातीत कळ आली. आल्या तेव्हा घामानं भिजलेल्या होत्या आणि तरी मुलाला सांगत होत्या, "दसऱ्याला फुलांचा तोडा हाय. माझ्यापायी मळ्यात पाणी चुकवशीन तर बघ."

संध्याकाळी जरा स्थिर झाल्या. मी सलाइन बदलत होते तर मला निरखून म्हणाल्या, "पोरी, सकाळधरनं बघती मी. तू बसती कधी?"

"आजी, इथं बसायला खुर्च्याच नाहीत."

"का? कोनी नेल्या?"

शुभांगीनं पलीकडून सगळी हकिगत सांगून टाकली, रंगनाथ सरांच्या आवाजासकट. नवसाबाईंना हसू आवरेना आणि मॉनिटर बोंबलायला लागला. डॉक्टर कुंदन धावत आले. तरुण आहेत, हुशार आहेत, पण घाबरले की ओरडतात, आणि दिवसभरात पुष्कळदा घाबरतात. "पेशंटला हसवायचं नाही!" असं दारातल्या हसा-पाटीखाली उभं राहून ओरडले.

बुधवार, १३ ऑक्टोबर

लिहू की नको, असं मघापासून चाललंय. लिहिते.

दुपारच्या एकीला ताप आला म्हणून काल मी सकाळची आणि दुपारची अशा दोन्ही ड्यूट्या केल्या. आज पहाटे उठून परत सकाळची. साडेदहाच्या सुमाराला नवसाबाईंना पित्ताचं इंजेक्शन द्यायचं होतं. त्याची पावडर असते. तीत पाणी घालायचं, सिरिंजमध्ये ओढायचं, शिरेतून द्यायचं. रोजचं काम. पाण्याची काचेची कुपी असते आणि पोटॅशियमचीही असते, दोन्ही दिसायला बहिणी-बहिणी. पोटॅशियम सलाइनमधून थेंबाथेंबानं गेलं तर औषध. सरळ शिरेत ढकललं तर हृदय जागच्या जागी थांबतं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही हे पाठ असतं.

त्याच वेळी आठ नंबरचा मॉनिटर वाजत होता, दारावर कुणाचा तरी मेहुणा आत येण्यासाठी भांडत होता, फोन वाजत होता आणि बासरी चालू होती. मी सिरिंज भरली. नवसाबाईंचा हात हातात घेतला. तेवढ्यात माझ्या मनगटावर एक हात पडला.

चंद्रभागा सिस्टर. "काय भरलंस?"

"पाणी घालून पित्ताचं."

"कुपी वाच."

मी वाचली.

त्यांनी सिरिंज घेतली, बेसिनमध्ये रिकामी केली आणि म्हणाल्या, "घरी जा."

"सिस्टर, माझी ड्यूटी—"

"घरी जा म्हटलं ना. तुझे बेड मी बघते."

बारा वर्षांच्या नोकरीत मला असं कुणी हाकललं नव्हतं. सगळ्यांदेखत. खाली रिक्षा उभी करून ठेवली होती आणि भाडंही आधीच देऊन टाकलं होतं. म्हणजे मी मध्येच उतरून परत येईन, एवढा माझ्यावर अविश्वास!

घरी येऊन भाकऱ्या टाकल्या. सगळ्या करपल्या. दीपकनं मुकाट्यानं खाल्ल्या आणि साईला डोळ्यांनी दटावलं. झोपलेल्या साईच्या पोटावर हात ठेवून मी तिचा श्वास मोजत बसले. नवसाबाई गेल्या असत्या. माझ्या हातून. दसऱ्याचा झेंडू शेतातच राहिला असता, आणि मी शपथेवर सांगितलं असतं की मी पाणीच दिलं.

माझं अक्षर असं वेडंवाकडं कधी नव्हतं.

गुरुवार, १४ ऑक्टोबर

घटस्थापना. चंद्रभागा सिस्टर मला घेऊन रंगनाथ सरांकडे गेल्या. वाटलं, आता नोकरी गेली. पण सिस्टरनी माझं नावच घेतलं नाही. "माझ्या युनिटमध्ये पेशंट जाता जाता राहिला," म्हणाल्या. "दोन नर्स द्या, डबल ड्यूटी बंद करा, खुर्च्या परत पाठवा." अर्जही पुढं ठेवला. मी मागं उभी. मला वाटतं, घाबरल्या असतील, म्हणून कुणाचं नाव सुचलं नसेल.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या वेळी संबंधित सिस्टरच्या चेहऱ्यावर हास्य होतं का?"

चंद्रभागा सिस्टरनी अर्ज बोटानं आणखी पुढं सरकवला.

"तिथंच तर चुकतं. मी आलो तेव्हापासून बघतोय, आयसीयूत वातावरण फार जड आहे." मग त्यांना एकदम कल्पना सुचली. रविवारी ड्यूटी संपल्यावर स्टाफसाठी गच्चीवर गरबा. तणाव जातो म्हणे. आठ तास उभं राहिल्यावर बाईला नाचावंसं वाटणारच.

वर आले तर नवसाबाई म्हणाल्या, "कालपास्नं माझ्याकडं बघत नाय तू. काय झालं?"

मला राहवलं नाही. हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी सलाइनची नळी वरपासून खालपर्यंत बघितली.

"दिलं नाय ना?"

"नाही आजी. सिस्टरनी हात धरला."

"मंग आता सरळ उभी ऱ्हा. आन् मला इंजेक्शन देताना आधी वाचून दाखव. मला लिवता-वाचता येत नाय, पन ऐकाया येतं."

आता मी प्रत्येक कुपी मोठ्यानं वाचून दाखवते. त्या 'हं' म्हणतात, मगच देते.

दुपारी सुरगाण्याहून जीपमध्ये घालून चांगुणाला आणलं. भात कापताना नाग चावला. पापण्या उघडत नव्हत्या, श्वास बंद पडत आलेला. सर्पदंशाची लस चालू आहे, पण ती चढेपर्यंत श्वास व्हेंटिलेटरच घेणार. दोन नंबरचा बेड. माझ्याहून बरीच लहान आहे. तिचा नवरा चिमाजी दाराबाहेर उकिडवा बसून आहे. कुणाशी भांडत नाही, काही विचारत नाही. दार उघडलं की फक्त उठून उभा राहतो.

शुक्रवार, १५ ऑक्टोबर

आज कोण अ‍ॅडमिट झालं असेल? रंगनाथ सर!

दुपारी ट्रस्टींच्या घरी उपासाचं जेवण होतं. साबुदाणा वडे, भगर, शेंगदाण्याची आमटी, परत वडे. चारच्या सुमाराला सरांच्या छातीत दुखायला लागलं. स्ट्रेचरवरून वर आणताना आरसा दिसला, पण हसले नाहीत.

चार नंबरचा बेड रिकामा होता. बरोबर स्पीकरखालचा. ईसीजी काढला, नॉर्मल. रक्त तपासलं, नॉर्मल. डॉक्टर कुंदन म्हणाले, "गॅसेस वाटतात, घरी सोडायला—" एवढ्यात चंद्रभागा सिस्टरनी त्यांच्याकडं पाहिलं. मग ते म्हणाले, "पण धोका कशाला? उद्यापर्यंत ठेवू." किती काळजी घेतात दोघं! गेल्या महिन्यात अशाच एकाला तासाभरात घरी पाठवलं होतं.

सर बेडवरून मोबाइलवर कामं करत होते. "हो, हो, आपल्या जनरेटरचे डिझेलचे कॅन पाठवून द्या. ट्रस्टींच्या कॉलनीतला गरबा आहे, लाइट गेली तर शोभा जाईल. सोमवारी भरून घेऊ." चंद्रभागा सिस्टरनी मोबाइल काढून घेतला. नियमच आहे, मॉनिटरजवळ चालत नाही. पाटी सरांनीच लावलेली.

ड्यूटी संपवून मी निघाले तर सरांनी विचारलं, "सिस्टर, ही बासरी जरा बंद होईल का?"

"सर, तुमची परवानगी लागेल. लेखी."

"मग द्या कागद."

"पण पेशंटला प्रशासकीय कामाचा त्रास द्यायचा नाही, असं कुंदन सरांनी सांगितलंय."

मी खरं तेच सांगितलं.

शनिवार, १६ ऑक्टोबर

सकाळचा ईसीजीही नॉर्मल. तरी कुंदन सर म्हणाले, "अजून एक दिवस बघू." चंद्रभागा सिस्टरनी मान डोलावली. गडबडीत कुणी सोडत नाही, बरं वाटतं बघून.

सरांनी सकाळी बेल वाजवली. शुभांगी आजोबांच्या नळीतला कफ ओढत होती, मी चांगुणाची कूस बदलत होते. शुभांगी मोकळी होऊन गेली ती लांबूनच तोंडभर हसत. सरांना बेडपॅन हवं होतं. "सिस्टर, हसू नका, लवकर या!" असे ओरडले की नवसाबाईंनी पडदा बाजूला केला.

त्यांची चांगली गट्टी जमलीय. नवसाबाईंना हे कोण आहेत ते माहीत नाही बिचाऱ्यांना.

"काय काम करता भाऊ?"

"मॅनेजमेंट. म्हणजे व्यवस्था बघतो."

"कशाची?"

"सगळ्याचीच."

"बरंय. इथं कुनीतरी यवस्था बघनारा पायजे होता बघा. कोन्या मेल्यानं पोरींच्या खुर्च्या उचलून नेल्या. बसून कुनाला आजार होतो का? माझ्या मळ्यात फुलं तोडनाऱ्या बाया हाय, त्यांना मी तासातासाला बांधावर बसवती. दमलेली बाई कळी तोडती अन् फूल ठिवती."

सर म्हणाले, "असं होय."

"त्याला ह्या बासरीखाली आनून निजवला पायजे," नवसाबाई म्हणाल्या आणि माझ्याकडं बघून एक डोळा मिटला. डोळ्यात काहीतरी गेलं असावं. मी थेंब टाकायला गेले तर नको म्हणाल्या.

दुपारी चांगुणाच्या पापण्या जरा उघडल्या. नजर फिरवली, माझ्यावर थांबली. अजून श्वास मशीनच घेतंय. चिमाजीला आत बोलावलं. तो तिच्या पायाशी उभा राहिला आणि तिच्या तळव्याला चिकटलेलं भाताचं कुसळ नखानं काढत राहिला.

रविवार, १७ ऑक्टोबर

तिसरा ईसीजी नॉर्मल. "उद्या नक्की," कुंदन सर म्हणाले.

दुपारी अडीचच्या सुमाराला लाइट गेली.

लाइट रोजच जाते, जनरेटर लागलीच धरतो. आज धरला नाही. आधी बासरी थांबली. बरं वाटलं. मग एसी थांबला. मग मॉनिटर एकेक काळे झाले. एरवी ते वाजायला लागले की मी वैतागते, पण सगळे एकदम गप्प झाले तेव्हा मी चांगुणाच्या बेडकडं धावले. दोन्ही व्हेंटिलेटर जुने, बॅटऱ्या कधीच्या गेलेल्या. चांगुणा आणि सहा नंबरचे आजोबा, दोघांचे श्वास आता आमच्या हातात.

मी चांगुणाच्या नळीला अंबू बॅग लावली. रबराचा फुगा असतो, तो हातानं दाबत राहायचा, म्हणजे छातीत हवा जाते. शुभांगीनं आजोबांना लावली. एवढ्यात एक नंबरचं ब्लडप्रेशर पडलं, कारण औषध ढकलणारा पंपही विजेवरचा. कुंदन सर तिकडं धावले. "मला एक हात पाहिजे! शीर सापडत नाही! योगिनी सिस्टर!"

मी कशी जाणार? मी सोडलं की चांगुणा संपली. नाही गेले तर एक नंबर संपला. मी तिथंच उभी, हात फुगा दाबताहेत आणि पाय पळायला बघताहेत. असं वाटलं की आपण मधोमध फाटणार.

बाकीच्या बेडांच्या नाड्या हातानं बघत पळणाऱ्या चंद्रभागा सिस्टरनी चार नंबरचा पडदा सर्रकन ओढला. "रंगनाथ सर, उतरा खाली."

"मी? माझ्या छातीत—"

"काही नाही तुमच्या छातीत. उतरा."

छातीच्या पेशंटला असं बोलतात का? पण सर उतरले, अंगाला लोंबणाऱ्या वायरींसकट. मी त्यांचे हात धरून फुग्यावर ठेवले. "तुम्ही श्वास घ्याल तेव्हा दाबा सर. तिच्या वाटचाही घ्या. छाती वर आलेली दिसली पाहिजे."

"किती वेळ?"

"लाइट येईपर्यंत."

मी एक नंबरला पळाले. शीर सापडली, औषध गेलं. मागं पाहिलं तर सर दाबत होते. त्यांचा गाऊन पाठीमागं पूर्ण उघडा. नवसाबाई म्हणाल्या, "भाऊ, मागची यवस्था बघा." पण सरांना कपड्याची शुद्ध नव्हती. चांगुणा डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडं बघत होती. हलता येत नाही, बोलता येत नाही, फक्त बघत होती, आणि सर ओठांतल्या ओठांत तिला म्हणत होते, "घे... हां... घे बाई... घे."

आमचा इलेक्ट्रिशियन गोरक्ष जिन्यावरून ओरडत आला, "डिझेलच नाही! कॅन कुठं गेले काय कळंना!"

सर खाली बघून आणखी नेटानं दाबायला लागले. चेहरा पांढरा पडला. धाप लागली असावी.

दारातून चिमाजीनं विचारलं, "जीपमधलं चालंल?" आणि उत्तराची वाट न बघता गोरक्षला घेऊन पळाला. ज्या जीपनं चांगुणाला आणलं ती खालीच उभी होती. नळी घालून टाकीतलं डिझेल काढलं. जनरेटर खोकला, मग लागला. मॉनिटर सगळे एकदम वाजायला लागले. इतकं गोड मी कधी काही ऐकलं नाही.

मी सरांना म्हटलं, "सोडा आता, मशीन लावलं." त्यांची बोटं फुग्यावरून सुटेनात. एकेक करून मी सोडवली. भिंतीला टेकून ते खाली फरशीवरच बसले. बसायला दुसरं काही नव्हतंच.

एक नंबर जगला. आजोबा जगले. चांगुणा जगली. शुभांगीनं तोंड धुतलं आणि विचारलं, "सर, संध्याकाळी गरब्याला किती वाजता यायचं?"

सर तोंड फिरवून रडले. ईसीजी परत काढला, नॉर्मल.

सोमवार, १८ ऑक्टोबर

सरांना डिस्चार्ज. व्हीलचेअर नको म्हणाले. जाताना चिमाजीपाशी थांबले. त्याच्याशेजारी थोडा वेळ उकिडवे बसले आणि मग गेले.

तासाभरात खुर्च्या वर आल्या, पाच. बासरी बंद. गोरक्षनं आरसा उतरवला, तर शुभांगी भांडली, म्हणाली आरसा राहू दे, पाटी काढ.

संध्याकाळी चांगुणाची नळी निघाली. पहिला शब्द बोलली तो 'पाणी'. मी दोन चमचे पाजलं. तिसरा मागितला तर नाही म्हटलं, तर माझ्यावर रागावली. रागावता येतंय म्हणजे बरी होणार.

बुधवार, २० ऑक्टोबर

नवसाबाई काल घरी गेल्या. तोडा सुरू झालाय, बांधावर खाट टाकून सगळ्यांना ओरडत बसणार आहेत.

आज रंगनाथ सरांनी मला एकटीला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. मला बसायला सांगितलं, स्वतः उभे राहिले.

"सिस्टर, तुम्ही खोटं बोलत नाही, हे मी तीन दिवस बघितलंय. खरं सांगा. माझा पहिला ईसीजी नॉर्मल होता ना?"

"हो सर."

"दुसरा?"

"तोही. सगळेच. अगदी बघत राहावे असे."

"मग मला तीन दिवस का ठेवलं?"

"काळजीपोटी, सर," मी म्हटलं. मला त्यांचं आश्चर्यच वाटलं. "कुंदन सर पहिल्याच दिवशी सोडणार होते, पण चंद्रभागा सिस्टरचा जीव राहिला नाही. त्या तर काल म्हणाल्या, अजून आठवडाभर ठेवलं असतं तरी चाललं असतं. इतकी काळजी त्या कुणाचीच घेत नाहीत. तुमची खासच घेतली."

सर माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांच्या तोंडून कसलासा आवाज आला आणि ते हसायला लागले. हसता हसता छातीला हात लावून टेबलावर वाकले. डोळ्यांतून पाणी. मी चटकन त्यांचं मनगट धरलं. नाडी जलद होती.

"सर, हे चांगलं लक्षण नाही. चला वर. चार नंबरचा बेड रिकामाच आहे."

त्यांनी एकदम हात ओढून घेतला. ड्रॉवर उघडला, चंद्रभागा सिस्टरचा त्या दिवशीचा अर्ज काढला आणि उभ्या उभ्या सही केली. "दोन नर्स. उद्यापासून जाहिरात. डबल ड्यूटी बंद. आणि तुम्हाला परवापासून चार दिवस रजा. झालं?"

"पण सर, नाडी—"

"सिस्टर, तुम्ही आधी तो कागद घेऊन वर जा!"

वर आले. चंद्रभागा सिस्टर इंजेक्शनच्या ट्रेसमोर उभ्या होत्या. कागद दिला. त्यांनी दोनदा वाचला. मग मी केबिनमधलं सगळं सांगितलं, सरांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, आणि म्हटलं, "मला वाटतं सिस्टर, सरांना परत अ‍ॅडमिट करावं लागेल."

चंद्रभागा सिस्टर भिंतीकडं वळल्या. पदर तोंडावर धरला. खांदे गदागदा हलत होते.

एवढी कणखर बाई, पण परक्या माणसाच्या दुखण्यानं अशी रडते! आणि मी त्यांना इतके दिवस काय काय समजत होते. मला भरून आलं. पळत जाऊन पाण्याचा ग्लास आणला आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. ग्लास त्यांनी घेतला, पण पाणी काही त्यांच्या घशाखाली उतरेना. शेवटी डोळे पुसत तो माझ्याच हातात परत दिला.

"तूच पी," म्हणाल्या.